विद्यार्थ्यांच्या लेखनाची तपासणी व साम्यशोधक संगणक-प्रणाली

महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलामुलींनी निबंध, प्रकल्प-अहवाल किंवा प्रबंधिका कागदावर लिहून शिक्षकांच्या हाती दिली की काम संपले, असे आता राहिलेले नाही. पुष्कळ ठिकाणी हे लेखन संगणकावर टंकलिखित करून महाविद्यालयाने नेमून दिलेल्या प्रणालीकडे पाठवावे लागते. ही प्रणाली ते लेखन इतर असंख्य लेखनाशी ताडून पाहते आणि शेकडा अमुक इतके साम्य आढळले, असा आकडा काढून देते. गावातील पालकांच्या कानी हा आकडा बहुधा प्रथम पडतो तो मुलाच्या तोंडून. "माझे छत्तीस टक्के आले," असे मुलगा खालच्या आवाजात सांगतो आणि काठावर का होईना, पोरगा पास झाला, अशी बापाची समजूत होते. वस्तुतः मुलावर चोरीचा संशय आलेला असतो.

हा आकडा कसा निघतो, त्याचा अर्थ कोणता व त्यावरून गुण द्यावेत की नाही, याविषयी पालकांत जितके अज्ञान आहे तितकाच शिक्षकवर्गात व कार्यालयांत गोंधळ आहे. यास्तव या विषयाची थोडी तपशीलवार माहिती येथे देत आहे. प्रस्तुत लेखक गोव्यातील एका महाविद्यालयात मराठीचे अध्यापन करीत आला असून, पुढे सांगितलेल्या चुकांपैकी एक त्याच्या स्वतःच्याच हातून घडलेली आहे.

आकडा कसा निघतो?

प्रणालीला अर्थ समजत नाही, ही गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावी. ती मजकुरातील अक्षरांचा आकार, रंग, ओळींची मांडणी इत्यादी बाजूस काढते व उरलेल्या शब्दांचे लहान लहान गट पाडते. प्रत्येक गटाला एक अंकखूण मिळते. या खुणा प्रणालीच्या भांडारातील खुणांशी ताडल्या जातात. भांडारात आंतरजालावरील पाने, नियतकालिकांतील लेख आणि पूर्वी इतर विद्यार्थ्यांनी पाठविलेले निबंध अशी सामग्री असते. जेथे खूण जुळते तेथील शब्द रंगविले जातात आणि रंगविलेल्या शब्दांचे एकूण शब्दांशी जे प्रमाण पडते तोच हा टक्क्यांचा आकडा होय.

समजा, निबंध दोन हजार शब्दांचा आहे व त्यांपैकी पाचशे शब्द जुळले. तर साम्य २५ टक्के झाले. आता हे पाचशे शब्द एखाद्या पुस्तकाच्या दोन सलग पानांवरून उतरवून घेतलेले असू शकतात, किंवा दहा-दहा शब्दांचे पन्नास तुकडे पन्नास निरनिराळ्या ठिकाणांशी सहज जुळलेले असू शकतात. पहिली गोष्ट चोरीची असेल, दुसरी बहुधा नसेल. आकडा मात्र दोहोंचा एकच. तराजू भाताचे वजन सांगतो. ते भात कोणाच्या शेतातले, हे त्याला विचारून उपयोग नाही.

या प्रणालींत जगभर सर्वांत परिचित झालेली 'टर्निटिन' ही अमेरिकेतील बर्कले येथे १९९० नंतरच्या दशकात उगम पावली. तिच्या अहवालात निळा, हिरवा, पिवळा, नारिंगी व तांबडा असे पाच रंग असतात. काहीच न जुळल्यास निळा, २४ टक्क्यांपर्यंत हिरवा, २५ ते ४९ पिवळा, ५० ते ७४ नारिंगी आणि त्यापुढे तांबडा. रस्त्यावरील दिव्यांची सवय असलेल्या आपल्या डोळ्यांना हिरवा म्हणजे निर्धोक व तांबडा म्हणजे अपराधी असे वाटू लागते, आणि येथेच घोटाळ्यास आरंभ होतो.

आपल्या देशात विद्यापीठ अनुदान आयोगाने जुलै २०१८ मध्ये वाङ्मयचौर्याला प्रतिबंध करणारे विनियम प्रसृत केले. पुढे २०१९ साली गांधीनगर येथील 'इन्फ्लिबनेट' केंद्राने 'शोधशुद्धी' या नावाने विद्यापीठांना अशी प्रणाली पुरविण्यास प्रारंभ केला. आरंभी 'उरकुंड' ही स्वीडनमधील प्रणाली होती. नंतर तिच्या जागी 'ड्रिलबिट' ही भारतीय प्रणाली आली.

दोन प्रकल्प

काही वर्षांपूर्वी आमच्या वर्गाला खाजन शेतीविषयी प्रकल्प नेमून दिला होता. खाडीच्या खाऱ्या पाण्याला बांध घालून तयार केलेल्या या जमिनी, भरती-ओहोटीबरोबर उघडमीट करणारी मानस, खारे पाणी सोसणारे कोरगूट भात, आणि हे सर्व सांभाळणारी गावकरी किंवा कोमुनिदाद, असा तो विषय. विद्यार्थ्यांनी आपल्या गावातील वृद्ध शेतकऱ्यांच्या मुलाखती घ्याव्यात म्हणून पंधरा प्रश्नांची एक प्रश्नावली मीच तयार करून दिली होती.

एका विद्यार्थिनीच्या प्रकल्पास ४४ टक्के साम्य आले. वर्गातील बहुतेकांचे आकडे वीसच्या आत होते. परीक्षेचे दिवस, टेबलावर साठ प्रकल्पांचा ढीग, आणि गुण विद्यापीठाकडे पाठविण्याची मुदत दोन दिवसांवर. मी अहवाल उघडून पाहिला नाही. मुखपृष्ठावर "नक्कल. गुण शून्य" असा शेरा लिहून मोकळा झालो.

चौथ्या दिवशी मुलीचे वडील महाविद्यालयात आले. ते स्वतः खाजनात राबणारे. वाद घातला नाही. पिशवीतून एक वही काढून माझ्यापुढे ठेवली. त्या वहीत चार वृद्धांच्या मुलाखती मुलीच्या हस्ताक्षरात उतरवलेल्या होत्या. "बाई रात्रीचा कंदील घेऊन मानशीवर गेली होती, मास्तर," एवढेच ते म्हणाले. मग मी अहवाल उघडला. जुळलेल्या मजकुराचा फार मोठा भाग म्हणजे माझीच प्रश्नावली! ती साऱ्या वर्गाच्या प्रकल्पांत होती, परंतु इतरांनी केवळ उत्तरांचा गोषवारा दिला होता व या मुलीने मात्र प्रश्न-उत्तर जसेच्या तसे, चारही मुलाखतींसाठी चार वेळा, छापले होते. उरलेले साम्य १९६१ च्या कोमुनिदाद संहितेतील कलमांच्या अवतरणांत व संदर्भसूचीत होते. तिच्या स्वतःच्या लेखनात एकही ओळ उसनी नव्हती. गुण दुरुस्त करण्याकरिता विद्यापीठाकडे पत्र पाठवावे लागले व ते काम तीन आठवडे चालले. त्या तीन आठवड्यांत त्या घरात काय झाले असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

त्याच ढिगात एक प्रकल्प होता, साम्य ३ टक्के. मी त्याला वीसपैकी सोळा गुण दिले होते. वरील प्रकारानंतर सगळेच प्रकल्प पुन्हा वाचण्यास घेतले, तेव्हा त्याची भाषा खटकली. "पावसाळी वाऱ्यांच्या हंगामात जलद्वारांचे परिचालन समुदायाद्वारे केले जाते" अशी वाक्ये त्यात ओळीने होती. खाडीकाठच्या गावात वाढलेला मुलगा मानशीला जलद्वार म्हणत नाही. तोंडी परीक्षेत त्याला एवढेच विचारले की मानस भरतीला मिटते की ओहोटीला? त्याला सांगता आले नाही. एका इंग्रजी लेखाचे यंत्राकडून मराठीत भाषांतर करून घेऊन त्याने ते जसेच्या तसे पाठविले होते. मूळ लेख इंग्रजीत, प्रकल्प मराठीत. प्रणालीला जुळण्यासारखे काही सापडलेच नाही. मुलाने कबुली दिली व प्रकल्प नव्याने लिहिला.

मराठी लेखनाची अडचण

मराठीच्या बाबतीत ही प्रणाली अधिक दुबळी का पडते, हे शिक्षकांनी नीट समजून घेण्यासारखे आहे. आपल्या भाषेत नामाला विभक्तिप्रत्यय व शब्दयोगी अव्यये चिकटून येतात. 'बांध', 'बांधाला', 'बांधावरून', 'बांधापलीकडची' हे सर्व प्रणालीच्या दृष्टीने निरनिराळे शब्द. दुसऱ्याच्या परिच्छेदातील प्रत्यय आणि क्रियापदांची रूपे थोडी बदलली की साखळी तुटते आणि उतरवून घेतलेला मजकूर निळा निघतो.

दुसरी अडचण टंकाची. अनेक वर्षे आपल्या कचेऱ्यांत व छापखान्यांत मराठी टंकलेखन श्री-लिपी, कृतिदेव यांसारख्या टंकांत होत आले. अशा फाइलीत पडद्यावर 'क' दिसत असला तरी आत इंग्रजी अक्षर किंवा चिन्ह साठविलेले असते. युनिकोडमध्ये टंकलिखित केलेल्या त्याच वाक्याशी ते कधीच जुळणार नाही. जुने मराठी प्रबंध 'शोधगंगा' या भांडारात पाहू गेल्यास कित्येक प्रबंधांच्या पानांची केवळ छायाचित्रे आढळतात. त्यांतील अक्षरे ओळखून काढल्याशिवाय प्रणालीला ती वाचता येत नाहीत. युनिकोडमध्येही 'दुसऱ्या' या शब्दातील अर्धा 'र' दोन प्रकारांनी साठविता येतो. डोळ्यांना फरक दिसत नाही, संगणकाला दिसतो. याखेरीज १९६२ पूर्वीच्या शुद्धलेखनाप्रमाणे अनुस्वार दिलेली पुस्तके आहेतच.

युरोपातील अध्यापकांच्या एका गटाने १५ साम्यशोधक साधनांची आठ भाषांत परीक्षा घेऊन २०२० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्या आठ भाषा सर्व युरोपातील व तुर्कस्तानातील होत्या. त्यांत एकही भारतीय भाषा नव्हती. त्या भाषांतसुद्धा ही साधने काही चोरी ओळखू शकली नाहीत आणि काही निर्दोष मजकुरावर त्यांनी बोट ठेवले, असे आढळले. मराठी निबंधाचा ३ टक्के आकडा पाहून निश्चिंत होणारा शिक्षक म्हणूनच फसण्याचा संभव अधिक.

विनियम काय सांगतात?

दहा टक्क्यांपर्यंत माफ, त्यापुढे शिक्षा, हा नियम आता सर्वतोमुखी झाला आहे. तो कोठून आला, हे मात्र फार थोडे सांगू शकतात. २०१८ च्या विनियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतच्या साम्यास दंड नाही. १० ते ४० टक्के असल्यास सहा महिन्यांच्या आत सुधारित लेखन सादर करावे लागते. ४० ते ६० टक्के असल्यास एक वर्षपर्यंत सुधारित लेखन सादर करता येत नाही. ६० टक्क्यांपुढे नोंदणीच रद्द होते. श्रेय देऊन घेतलेली अवतरणे, संदर्भसूची, अनुक्रमणिका, प्रस्तावना, ऋणनिर्देश, कायदे, प्रमाणित सूत्रे व सामान्य संज्ञा या मोजणीतून वगळावयाच्या आहेत. सर्वसामान्य माहितीचे किंवा योगायोगाने जुळलेले सलग १४ शब्दांपर्यंतचे तुकडेही वगळावयाचे आहेत.

परंतु सर्वांत महत्त्वाची गोष्ट व्याख्येत दडलेली आहे. हे विनियम पदव्युत्तर व संशोधन-पदवीसाठी सादर केलेल्या प्रबंधांना, प्रबंधिकांना आणि प्रकाशनार्थ लेखनाला लागू आहेत. वर्गातील स्वाध्याय, सत्रनिबंध, प्रकल्प-अहवाल, निबंध व उत्तरपत्रिका त्यांतून स्पष्ट शब्दांत वगळल्या आहेत. म्हणजे बी. ए. च्या मुलीच्या प्रकल्पास दहा टक्क्यांचा नियम आयोगाच्या नावाने लावणे, हे विनियमाला धरून नाही. एखाद्या महाविद्यालयाने स्वतःचा नियम केला असेल तर तो त्याचा स्वतःचा नियम आहे. तो विद्यार्थ्यांना आधी लेखी कळविला पाहिजे, एवढी अपेक्षा पालकांनी ठेवण्यास हरकत नाही. माझ्या हातून शून्य गुण पडले तेव्हा असा कोणताही लेखी नियम आमच्या सूचनाफलकावर नव्हता.

जेथे विनियम लागू आहेत तेथेही आकडा हाच निकाल नव्हे. तक्रार प्रथम विभागाच्या समितीपुढे जाते. या समितीत विभागप्रमुख, विभागाबाहेरील एक ज्येष्ठ अध्यापक व या साधनांची माहिती असलेली एक व्यक्ती असते. तिने ४५ दिवसांत आपली शिफारस संस्थेच्या समितीकडे द्यावयाची. दोष निःसंशय सिद्ध झाल्यावर, अपिलाचे मार्ग संपल्यावर व संबंधितास आपली बाजू मांडण्याची पुरेशी संधी दिल्यावरच दंड करावा, असे विनियमांत म्हटले आहे.

शेरा कसा लिहावा?

टर्निटिनमध्ये साम्य-अहवालाखेरीज गुणदानाचीही सोय असते. निबंध पडद्यावर उघडून शिक्षक समासात शेरा लिहू शकतो, नेहमी लागणारे शेरे एका पेटीत तयार ठेवून हवे तेथे उचलून ठेवू शकतो, निकषतक्त्यानुसार गुण देऊ शकतो, आणि तीन मिनिटांपर्यंत स्वतःच्या आवाजात अभिप्रायही ध्वनिमुद्रित करू शकतो. साठ विद्यार्थ्यांच्या वर्गाला हे साधन खरोखरच उपकारक आहे. हस्ताक्षर न लागल्याने वाया जाणारे शेरे आता वाचले जातात, हा लाभ मी स्वतः घेतलेला आहे. माझे अक्षर पूर्वीपासूनच वाईट.

दोष साधनात नाही, त्याच्या क्रमात आहे. अहवाल प्रथम उघडला की रंग डोळ्यांत भरतात आणि शिक्षक निबंध वाचण्याऐवजी रंगच वाचू लागतो. म्हणून मी आता निबंध आधी रंगाविना वाचतो, गुणांचा अंदाज कागदावर लिहितो, आणि मगच अहवाल उघडतो. अवतरणे व संदर्भसूची वगळण्याची, तसेच ठराविक शब्दसंख्येपेक्षा लहान जुळण्या गाळण्याची सोय प्रणालीत आहे. ती प्रथम वापरावी. त्यानंतर उरलेली प्रत्येक जुळणी मूळ पानाशी ताडून पाहावी. एका निबंधास यासाठी दहा-पंधरा मिनिटे अधिक लागतात. साठ निबंधांना ती कोठून आणावयाची, हा प्रश्न अधिकाऱ्यांनी कार्यभार ठरविताना विचारात घ्यावा. प्रणाली घेतल्याने तपासणीचा वेळ वाचेल, ही समजूत निदान मराठी निबंधांच्या बाबतीत खरी ठरलेली नाही.

आता शेऱ्याविषयी. "साम्य ३२ टक्के. पुन्हा लिहा." हा शेरा तयार पेटीतून एका क्षणात ठेवता येतो. विद्यार्थी त्यातून एवढेच शिकतो की आकडा खाली आणावयाचा आहे. मग तो शब्दांच्या जागी समानार्थी शब्द बसवीत सुटतो. अमेरिकेतील अध्यापिका रिबेका मूर हॉवर्ड यांनी अशा लेखनाला ठिगळलेखन या अर्थाचे नाव दिले आहे. नवख्या विद्यार्थ्याला विषय अजून पचलेला नसतो म्हणून तो असे करतो, ती शिकण्याच्या वाटेवरील एक पायरी असते व तिला सरसकट चोरी मानू नये, असे त्यांचे म्हणणे. माझा अनुभव याला पुष्टी देतो. घरात प्रथमच कोणी महाविद्यालयाची पायरी चढलेले असते तेव्हा पुस्तकातील भाषा हीच शुद्ध व आपली अशुद्ध, असे त्या मुलामुलींना मनापासून वाटते. ती पुस्तकातून उचलतात ती पुष्कळदा भीतीने, लबाडीने नव्हे.

अशा ठिकाणी शेरा पुढीलप्रमाणे लिहिता येईल: "हा परिच्छेद तुम्ही वाचलेल्या पुस्तकातील आहे, तेथे अवतरणचिन्ह व पृष्ठांक द्या. त्यानंतर, तुम्ही ज्यांची मुलाखत घेतली त्या आजोबांनी याच गोष्टीविषयी काय सांगितले ते तुमच्या शब्दांत लिहा. त्यांचे म्हणणे पुस्तकाशी जुळते काय?" एवढे लिहिण्यास दोन मिनिटे लागतात. पुढच्या खर्ड्यात काय सुधारले ते गुणांत मोजावे. ज्या विद्यार्थ्याने दुसऱ्याचे लेखन जाणूनबुजून आपले म्हणून दिले आहे त्याला हा मार्ग लागू नाही. त्याला समक्ष बोलावून, अहवाल पुढे ठेवून, त्याचे म्हणणे ऐकून मग निर्णय घ्यावा.

खर्डा प्रणालीकडे पाठविताना एक खबरदारी अवश्य घ्यावी. पाठविलेले लेखन भांडारात साठविले जाऊ नये, असा पर्याय शिक्षकाला निवडता येतो. तो न निवडल्यास खर्डा भांडारात राहतो, आणि तोच विद्यार्थी अंतिम प्रत दुसऱ्या वर्गाच्या वा दुसऱ्या संस्थेच्या खात्यातून पाठवितो तेव्हा त्याचे त्याच्या स्वतःच्याच खर्ड्याशी जवळजवळ शंभर टक्के साम्य निघते. विद्यार्थ्यांचे निबंध असे साठविण्याविरुद्ध अमेरिकेतील व्हर्जिनिया व ॲरिझोना येथील शाळकरी विद्यार्थी न्यायालयात गेले होते. २००९ साली अपील न्यायालयाने असा साठा तेथील कायद्याप्रमाणे योग्य वापर ठरविला. आपल्याकडे निदान संमतिपत्रावर सही घेण्यापूर्वी ते विद्यार्थ्याला वाचून दाखवावे.

२०२३ पासून यात आणखी एक भर पडली आहे. निबंध यंत्राने लिहिला काय, हेही सांगण्याचा दावा या प्रणाली करू लागल्या. टर्निटिनने एप्रिल २०२३ मध्ये ही सोय सुरू केली, आणि ऑगस्टमध्ये अमेरिकेतील व्हँडरबिल्ट विद्यापीठाने ती आपल्याकडे बंद केली. त्यांचा हिशेब सरळ होता: वर्षाला सुमारे ७५,००० निबंध, आणि चूक शंभरात एकच धरली तरी ७५० निर्दोष विद्यार्थ्यांवर आळ. त्याच वर्षी स्टॅनफर्ड येथील संशोधकांनी इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांचे ९१ इंग्रजी निबंध अशा अनेक साधनांना दाखविले, तेव्हा सरासरीने निम्म्याहून अधिक निबंध यंत्राचे म्हणून गणले गेले. घरी कोंकणी किंवा मराठी, शाळेत मराठी किंवा कन्नड आणि महाविद्यालयात इंग्रजी लिहिणाऱ्या आपल्या मुलांनी साध्या, ठरीव वाक्यांत लिहिले म्हणून त्यांवर असा आळ येऊ नये. साम्य-अहवालात निदान मूळ पान उघडून ताडता येते; येथे ताडण्यास काहीच नसते. केवळ या आकड्यावरून गुण कापू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

पालकांनी एवढे करावे. पाल्याच्या लेखनावर हरकत आली तर टक्क्यांचा आकडा न मागता संपूर्ण रंगीत अहवाल मागावा, व त्यातील कोणता मजकूर कोणत्या पानाशी जुळला हे शिक्षकाकडून समजावून घ्यावे. मुलांनी मुलाखतींची वही, कच्चे खर्डे व वाचलेल्या पुस्तकांची टिपणे निकाल लागेपर्यंत टाकू नयेत. संगणकावर लिहिणाऱ्यांनी खर्ड्याच्या निरनिराळ्या प्रती तारखेसह निरनिराळ्या नावांनी जपून ठेवाव्यात. आमच्या विभागाच्या प्रकल्प-सूचनापत्रात ही गोष्ट आता छापलेली आहे, आणि तोंडी परीक्षेला येताना वही बरोबर आणावी, असे त्याखाली लिहिले आहे.